चंद्रावरची घरभरणी

सुमेधानं चंद्रावरचं घर बांधलं ते वाटूरच्या शिवारात, वडिलांच्या शेडनेटमध्ये. शुक्रवारी अकराच्या ठोक्याला ती आणि तिची मैत्रीण सबिहा आत शिरल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. सव्वाअकराला आत्या आली.

तोवर सगळं कसं झकास चाललं होतं. सुमेधा आर्किटेक्ट. तिच्या वर्गातली मुलं बंगल्यांचे आणि मंगल कार्यालयांचे नकाशे काढायला लागली, तेव्हा हिनं घरी येऊन सांगितलं, की जिथं हवा नाही, पाणी नाही, अशा ठिकाणी माणसं कशी राहतील ते मला काढायचंय. तिचे वडील रामकिसनराव म्हणाले, "पाणी नसायसाठी इतकं लांब कशाला जायचं? उन्हाळ्यात हितंच ऱ्हाय की." पण पुण्याच्या एका संस्थेनं चंद्रावरच्या घरांची स्पर्धा जाहीर केली आणि पोरीच्या डोळ्यांत जी चमक आली, ती बघून त्यांनी शेडनेट रिकामं करून दिलं. त्या हंगामाची बियाण्याची मिरची लावली नाही. बोलले काहीच नाहीत. माणूस मुळात कमी बोलणारा.

स्पर्धा साधीसुधी नव्हती. कागदावरचं घर चालणार नव्हतं. खरंखुरं, पूर्ण मापाचं घर बांधायचं, त्यात दोघांनी शुक्रवार ते रविवार कोंडून घेऊन राहायचं, आणि परीक्षक पुण्यात बसून कॅमेऱ्यातून बघणार. जी घरं टिकतील, ती बांधणाऱ्यांना पुढं खरोखरच्या अंतराळातल्या घरांच्या आराखड्यावर काम करायला मिळणार होतं. सुमेधाला दुसरं काही सुचतच नव्हतं. तिनं लोखंडी पाइपांच्या कमानी उभ्या केल्या, त्यावर शेततळ्यात अंथरतात तो जाड प्लास्टिकचा कागद ताणला आणि त्यावर मातीनं भरलेल्या पोत्यांचे थर रचले. चंद्रावर उन्हातला विखार अडवायला तिथलीच माती अंगावर घ्यावी लागते म्हणून. आत हवा खेळवणं, पाणी गाळून पुन्हा वापरणं आणि नाना तऱ्हेचे काटे लावणं हे सबिहानं केलं. सबिहा इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनीअर. तिच्या हातात पकड दिली की ती जेवण विसरायची.

दीपमालाबाईंना, म्हणजे सुमेधाच्या आईला, एकच गोष्ट खटकत होती.

"नवं घर हाय. घरभरणी नको का?"

"आई, ते घर न्हाई. मॉडेल हाय."

"झोपणार का त्याच्यात?"

"हो."

"सैपाक करणार?"

"थोडा करावाच लागंल."

"मंग घरच झालं की."

यावरचं उत्तर आर्किटेक्चरच्या पाच वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. त्यामुळं शुक्रवारी सकाळी रीतसर बुद्धवंदना झाली, खीर झाली, आणि अर्धं वाटूर चंद्रावर जाऊन आलं. कुणी भिंत दाबून बघितली, कुणी देवळी कुठंय विचारलं, एका म्हाताऱ्यानं भाडं किती घेणार म्हणून चौकशी केली. अकरा वाजत आले तशी सुमेधा सगळ्यांना बाहेर काढू लागली.

"आक्का यायच्यात आजून," दीपमालाबाई म्हणाल्या.

"शहागडहून निघालीय," रामकिसनराव म्हणाले. "तीर्थपुरीत जीप पंक्चर झाली म्हन्ली. थोडं थांबू."

"बाबा, आपण थांबू. पुणं थांबणार न्हाई!"

आणि दार लागलं.

आता ही आक्का म्हणजे कोण, ते सांगायला हवं. बेबीनंदा ही रामकिसनरावांची थोरली बहीण, सुमेधाची आत्या. भावाच्या नव्या घरात पहिलं पाऊल बहिणीचं, हा तिचा मान. आणि मानाच्या बाबतीत आत्या डोळ्यांत तेल घालून असे. रुसण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. भावाच्या लग्नात ती मांडवाबाहेर जाऊन बसली होती, भाचीच्या बारशाला दारातून परत फिरली होती, आणि स्वतःच्या लग्नात तर स्वतःच्याच वरातीवर रुसली होती, असं जुनी माणसं सांगतात. प्रत्येक वेळी रामकिसनराव तिच्यापुढं जाऊन हात जोडायचे आणि म्हणायचे, "चुकलं माझं, आक्का. मी ल्हान हाय. पोटात घाल." मग तासाभरानं आत्या उठायची. तासाआधी उठल्याची नोंद नाही.

तर सव्वाअकराला आत्या शेडनेटपाशी उतरली. एका हातात आहेराची पिशवी, दुसऱ्या हातात धपाट्यांचा डबा. मंडळी लिंबाखाली खिरीची भांडी घासण्यात गुंतलेली. आत्यानं समोर दार बघितलं आणि सरळ आत गेली.

इथं एक गोष्ट आहे. दुसऱ्या कुठल्या गावची आत्या असती, तर ती त्या दारापाशी गोंधळली असती. पण जालन्याकडच्या शेडनेटला दोन दारं असतातच. मधमाशी आत शिरली तर बियाण्याची जात बिघडते, म्हणून एक दार लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, हा तिथला पहिला नियम. चंद्राच्या घरालाही हवा निसटू नये म्हणून सुमेधानं तशीच दोन दारं ठेवली होती. आत्या कित्येक वर्षं बियाण्याच्या प्लॉटवर बायांची मुकादमीण होती. तिनं बाहेरचं दार उघडलं, आत पाऊल टाकलं, वळून दार घट्ट लावलं, कडी बराबर बसली का ते ओढून बघितलं, आणि मग आतल्या दाराकडं वळली. चंद्रावर जाणाऱ्या माणसाला महिनाभर शिकवावं लागतं ते सगळं तिनं एका दमात केलं.

"आत्या, आत येऊ नका!" सुमेधा आतल्या काचेमागून ओरडली.

भाचीनं. आत्याला. नव्या घराच्या उंबऱ्यावर. कडीकडं निघालेला आत्याचा हात जागच्या जागी थांबला.

"काय म्हन्ली?"

"म्हंजी तसं न्हाई, आत्या! तुमी आधी बाहेर जा, मंग मी—"

"न्हाई!" सबिहा किंचाळली. "बाहेर तर बिलकुल न्हाई! ते दार दोन दिवसांत एकदाच उघडायचं होतं. फुप्पूनं उघडलं. आता परत उघडलं की आपण बाद!" आत्याला सबिहा लहानपणापासून फुप्पू म्हणायची.

सुमेधा काचेला चिकटली. "बरं मंग आत या, आत्या. जल्दी या."

"आदी म्हन्ली येऊ नका," आत्या शांतपणे म्हणाली. "मंग म्हन्ली बाहेर जा. आता म्हन्ती आत या." तिनं पिशवी खाली ठेवली, पिशवीवर डबा ठेवला, डब्याशेजारी बसली आणि पदर डोक्यावरून पुढं ओढला. "आता मी कुठंच जात न्हाई."

दोन दारांमधली ती खोली म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्याहून जरा मोठी. तिथं कुणी क्षणभरच उभं राहणार, या हिशोबानं सुमेधानं तिला ना पंखा ठेवला होता ना हवेची नळी. सबिहानं मात्र तिथं एक काटा लावला होता, आतून आणि बाहेरून दोन्हीकडून दिसेल असा. माणसाच्या श्वासानं हवा किती जड झाली, हे तो दाखवायचा. हिरवा, पिवळा, लाल. तो आत्ता हिरव्यातून हलला.

तेवढ्यात पडद्यावर पुण्याच्या परीक्षकबाई उगवल्या. चष्मा, करडे केस, समोर चहाचा कप.

"वाटूर, तुमच्या दोन दारांमध्ये कुणीतरी दिसतंय. हे कोण आहे?"

"मॅडम, आत्या."

"त्या तुमच्या टीममध्ये आहेत का?"

"नव्हत्या. आता आल्यात."

परीक्षकबाईंनी कप खाली ठेवला. "नियमात तिसरं माणूस नको असं कुठं म्हटलेलं नाही. तुमच्या घराला तिघांचा श्वास पेलत असेल तर माझी हरकत नाही. पण त्या छोट्या खोलीतला काटा लालवर गेला, तर जिवाचा प्रश्न आहे. दोन्ही दारं उघडावी लागतील आणि तुमचं घर बाद होईल. त्यांना आत घ्या."

"त्या येत न्हाईत, मॅडम."

"का? दार अडकलंय? तांत्रिक कारण सांगा."

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. शेवटी सबिहानं धीर केला.

"मॅडम, त्या रुसल्यात."

परीक्षकबाईंनी खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला. काटा पिवळ्यात शिरला.

बाहेर एव्हाना बोभाटा झाला होता. रामकिसनराव धावत आले आणि बाहेरच्या दाराच्या गोल काचेला त्यांनी तोंड लावलं. "आक्का! चुकलं माझं! मी ल्हान हाय! पोटात घाल!"

आत्यानं त्यांच्याकडं पाठ फिरवली. तर समोर सुमेधाची काच. सुमेधाकडं पाठ केली, तर पुन्हा रामकिसनराव. उभ्या जन्मात आत्याला अशी अडचण आली नव्हती. एका वेळी दोन्हीकडं रुसायची सोय त्या खोलीत नव्हती. शेवटी तिनं पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि मध्येच बसून राहिली.

"आक्का, निदान रागात मोठे श्वास तरी घिऊ नको!" रामकिसनराव काकुळतीला आले.

"आता श्वासबी मोजणार का माझे?" पदराआडून आवाज आला. त्यासाठी तिनं चांगला मोठा श्वास घेतला होता. काटा लालकडं सरकला.

"आक्का, तुमचीच वाट बघून राह्यलो आमी," दीपमालाबाई काचेजवळ तोंड नेऊन म्हणाल्या.

"खीर खाऊन वाट बघितली?"

दीपमालाबाई बाजूला झाल्या.

"इथं त्यांचा मान काय असतो?" परीक्षकबाई मध्येच म्हणाल्या. त्या खुर्चीत पुढं सरकून बसल्या होत्या. "मला तीन नणंदा आहेत. मी परीक्षक म्हणून विचारत नाहीये."

"नव्या घरात पहिलं पाऊल त्यांचं, मॅडम. आणि अर्धं गाव आत येऊन गेलं."

सुमेधा हे बोलली आणि बोलता बोलता थांबली. दोन वर्षं जागून काढलेला आराखडा, बाबांचं शेडनेट, सबिहाचे पोळलेले हात, सगळं त्या काट्याच्या टोकावर येऊन बसलं होतं. तिनं काचेवर दोन्ही तळवे टेकले.

"आत्या, ऐका. गाव आलं ते अकराच्या आधी आल्तं. तवा हे वाटूरच होतं. अकराला दार लागलं आणि हे घर चंद्रावर गेलं. तवापासून बाहेरून आत कुणी म्हंजी कुणीच आलं न्हाई."

पदर हलला नाही.

"आमी दोघी तर आतच होतो. चंद्रावरच्या घरात पहिलं पाऊल आजून पडायचंच हाय, आत्या."

पदर एका बाजूनं किंचित वर झाला.

"तुझी आई न्हाई आली?"

"आई पृथ्वीवरच हाय."

आत्यानं बाहेरच्या काचेतून भावजयीकडं एक नजर टाकली. दीपमालाबाईंनी पृथ्वीवर असल्यासारखा चेहरा केला.

"मंग ठीक हाय," आत्या म्हणाली, उठली, पदर सारखा केला आणि उजवं पाऊल पुढं टाकून आत आली. सबिहानं झडप घालून दार लावलं. काटा लालच्या अगदी कडेला जाऊन थरथरला आणि हळूहळू मागं फिरला. बाहेर लोकांनी टाळ्या पिटल्या, आत दोघी पोरी गळ्यात पडून रडल्या आणि पुण्यात कुणीतरी चहा सांडल्याचा आवाज आला.

तर चंद्रावर तिघी झाल्या. दोघींच्या हवेत तिघी, म्हणून सबिहानं हवेचे पंखे वाढवले, सुमेधानं व्यायाम बंद केला, आणि आत्याला कमी बोला म्हणून सांगायचं कुणाचंच धाडस झालं नाही. पहिले दोन घास आनंदात गेले, कारण धपाटे होते. मग आत्या पाणी प्यायली.

"गोड हाय गं. कुठलं पाणी हे?"

"आपलंच, फुप्पू," सबिहा अभिमानानं म्हणाली. तिच्या गाळणीचं पहिल्यांदाच कुणीतरी कौतुक केलं होतं.

"आपल्या हिरीचं?"

"न्हाई. आपलंच. आपण जे वापरतो, सोडतो, ते सगळं या नळीतून जातं, आणि मंग..."

आत्या उठली, पेला जागेवर ठेवला आणि दोन दारांमधल्या खोलीत जाऊन बसली.

मात्र यावेळी सबिहानं आतलं दार फटभर उघडं ठेवलं आणि तिथं एक छोटा पंखा टांगला. अर्ध्या तासानं आत्या आपणहून बाहेर आली. चेहरा एकदम ताजा. "तान लागली," एवढंच म्हणाली आणि पाणी प्याली. त्यानंतर मेथीच्या कुंड्या कुठं ठेवायच्या यावरून सुमेधाशी खटका उडाला, पुन्हा खोली. संध्याकाळी झोपायच्या फळीवरून, पुन्हा खोली. दर वेळी आत्या तणतणत आत जाई आणि वाफ जिरली की गाणं गुणगुणत येई.

शनिवारी दुपारी सुमेधा आणि सबिहाचंच वाजलं. कशावरून, ते आता दोघींना आठवत नाही. अशा ठिकाणी काहीही पुरतं. सबिहा ताडकन उठली आणि त्या खोलीत जाऊन बसली.

"ऊठ तिथून," आत्या म्हणाली. "ती जागा माझी हाय."

"फुप्पू, मलाबी रुसायचंय."

आत्यानं थोडा विचार केला. "बरं. पण जादा वेळ बसू नको. सुमीचा नंबर हाय."

रविवारी अकराला दार उघडलं तेव्हा तिघी हसत बाहेर आल्या. घर टिकलं होतं, पाणी टिकलं होतं, हवासुद्धा टिकली होती. पडद्यावर परीक्षकबाईंनी शेवटचा प्रश्न विचारला.

"दोन दारांमधली ती खोली. तिचा तुमच्या आराखड्यात नेमका उपयोग काय?"

सुमेधाला काहीतरी भारदस्त सांगायचं होतं. पण ओठांवर खरंच आलं.

"रुसायला, मॅडम."

परीक्षकबाईंनी चष्मा काढला. "बाकीच्या घरांमध्ये मला व्यायामाच्या जागा दिसल्या, बागा दिसल्या. एका टीमनं तर आत चित्रांचं दालन केलंय. पण बहुतेक घरांत शनिवारपासून माणसं एकमेकांशी बोलत नाहीयेत. दोघं तर आज सकाळी भांडूनच बाहेर पडले. अंतराळात महिनोन्‌महिने राहायचं म्हणजे भांडण होणारच, आणि भांडल्यावर जायचं कुठं, हे कुणीच काढलं नव्हतं." त्या थांबल्या. "पुढच्या फेरीत या. त्या खोलीला हवा मात्र नीट द्या."

वाटूरमध्ये त्या दिवशी दिवाळीच झाली म्हणायची. पुढच्या आठवड्यात शेडनेटसमोर मांडव घालून सत्कार ठेवला. नव्या नकाशात त्या खोलीला 'बेबीनंदा कक्ष' असं नाव दिलं होतं. तिथं सबिहानं चांगला पंखा बसवला होता, हवेची नळी आणली होती. सुमेधा बोलायला उभी राहिली तेव्हा तिला आनंदानं धड बोलता येईना. तिनं सबिहाचे आभार मानले, आईच्या घरभरणीचे मानले, पुण्याच्या मॅडमचे मानले. पोती भरून देणाऱ्यांचे मानले, तीर्थपुरीच्या पंक्चर झालेल्या जीपचे मानले. आत्याचे तर इतके मानले, की आत्यानं दोनदा उठून हात जोडले. टाळ्या थांबेनात. मग हार घालायची वेळ आली तेव्हा कुणीतरी म्हणालं, "रामकिसनराव कुठं गेले?"

मांडवात नव्हते. लिंबाखाली नव्हते. दीपमालाबाई घरी बघून आल्या. शेवटी सबिहानं सवयीनं काट्याकडं बघितलं. तो पिवळ्यात होता.

गोल काचेतून सगळ्यांनी आत बघितलं. दोन दारांमध्ये, आपल्याच शेडनेटच्या पोटात, रामकिसनराव गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. खांद्यावरचा गमजा त्यांनी डोक्यावरून पार नाकापर्यंत ओढला होता.

सुमेधाचा चेहरा उतरला. ज्या माणसानं एक अख्खा हंगाम न बोलता तिच्या हातात ठेवला, त्याचं तेवढं एकच नाव तिच्या तोंडून राहून गेलं होतं. तिला भडभडून आलं. "बाबा, माझं चुकलं," ती काचेवर ओणवी होऊन म्हणाली. रामकिसनरावांनी पाठ फिरवली.

दीपमालाबाई उठा म्हणाल्या. सबिहा उठा म्हणाली. काही उपयोग होईना. मग सगळा मांडव हळूहळू आत्याकडं बघायला लागला.

"माझ्याकडं काय बघता?" आत्या म्हणाली. "मला यातलं काई येत न्हाई."

"आक्का, भाऊ तुमचा हाय," दीपमालाबाई म्हणाल्या.

आत्या दारापाशी गेली. काचेवर बोटानं टकटक केलं. घसा खाकरला. इतक्या वर्षांत ऐकलेलं तेवढं एकच तिला ठाऊक होतं.

"चुकलं माझं, रामा. मी ल्हान हाय..." ती अडली. "न्हाई. मी मोठी हाय. पण पोटात घाल."

गमजाच्या आत काहीतरी हललं. हसू असावं.

"ऊठ मंग," आत्या म्हणाली.

"आत्ताच?" आतून आवाज आला. "आक्का, तू मला किती वेळ लावायचीस?"

आत्यानं मागं वळून बघितलं. मांडवात कुणी तिच्या नजरेला नजर देईना. तेव्हा तिनं मातीचं एक पोतं दारापाशी ओढलं, त्यावर बैठक मारली, पदर खोचला आणि आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्याची समजूत काढायला लागली.

सबिहानं गुपचूप आतला पंखा चालू केला.